मागं डिस्क टाकायची का?

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजात जुनी पोलो जीटी किंवा स्विफ्ट घेऊन आलेला पोरगा पहिल्यांदा काय मागतो, ते तिथला हेल्परही सांगेल. "मागं डिस्क टाकायची आहे." म्हणजे मागच्या चाकांचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवायचे. डिस्कमध्ये चाकासोबत फिरणाऱ्या उघड्या चकतीला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटतात, ड्रममध्ये बंद डब्याच्या आत शू दाबले जातात. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, पॅड किती उरलेत, टायर कोणत्या सालचे, हे मेकॅनिकनं विचारायचं आणि "माहीत नाही, गाडी अशीच घेतली" हे उत्तर ऐकायचं. हा संवाद मी इतक्या वेळा ऐकलाय की या मागणीचं मूळ शोधावंसं वाटलं.

फार जुनं थोडक्यात सांगतो. डिस्क ब्रेकचं पेटंट १९०२ चं, इंग्लंडमधलं. पण ती रस्त्यावर रुळायला अर्धं शतक गेलं. १९५३ मध्ये ल माँची चोवीस तासांची शर्यत डिस्क लावलेल्या जग्वारनं जिंकली, १९५५ मध्ये सिट्रोएन डीएसला पुढं डिस्क आली आणि १९६१ मध्ये मिनी कूपरला. मिनीचं चाकच १० इंचांचं, त्यामुळं डिस्क जेमतेम ७ इंचांची. दोन वर्षांत कूपर एस आली तेव्हा ती साडेसात इंचांची आणि जाड करावी लागली. छोट्या गाडीत दमदार इंजिन घातलं की ब्रेकला जागा पुरत नाही, हे रडगाणं तेव्हापासूनचं. १९७६ ची पहिली गोल्फ जीटीआय, जिच्यापासून हॉट हॅच म्हणजे छोटी पण दमदार हॅचबॅक हा प्रकार लोक मोजतात, तिला पुढं व्हेंटिलेटेड (आतून हवा खेळेल अशा) डिस्क होत्या आणि मागं चक्क ड्रम. एवढं लक्षात ठेवा.

आपल्याकडं प्रीमियर पद्मिनीला चारही चाकांना ड्रम होते, आणि त्याच गाडीनं माणसं वर्षानुवर्षं आंबा, फोंडा, आंबोली उतरली. ज्या गिअरात घाट चढलास त्याच गिअरात उतर, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम होता. ब्रेकवर भरवसा नव्हता म्हणून इंजिनाला कामाला लावायचे. पुढं गाड्या बदलल्या आणि तो नियम कुणी नव्यांना सांगितला नाही.

इथली खरी गोष्ट २००१ नंतरची. त्या वर्षी पालिओ १.६ आली, १०० अश्वशक्तीची, आणि छोट्या गाडीत जोर म्हणजे काय ते कळलं. २००५ मध्ये स्विफ्ट आली. तिनं कोल्हापूरच्या पोरांना वळणात गाडी टाकायला शिकवलं असं म्हटलं तर फार चुकणार नाही. २०१३ ला पोलो जीटी टीएसआय, १०५ अश्वशक्ती, सात गिअरचा ड्युअल क्लच, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा. इंजिन टर्बो, गिअरबॉक्स झकास, मागं ड्रम. तक्रारीला सुरुवात झाली ती इथं.

तक्रार खोटी नव्हती. परदेशात विकल्या जाणाऱ्या स्विफ्ट स्पोर्टला चारही चाकांना डिस्क होत्या, आणि ती गाडी आपल्याकडं कधी विकायला आलीच नाही. आपल्याला कमी दिलं, हा सल त्यातून राहिला. मग २०१५ ला अबार्थ पुंटो आली, १४५ अश्वशक्ती आणि चारही डिस्क. २०१६ ला पोलो जीटीआय, मोजक्याच गाड्या. २०१७ ला बलेनो आरएस, तिलाही मागं डिस्क, आणि साध्या बलेनोपासून तिला ओळखण्याची ती एक खूण झाली. २०२१ ला आय२० एन लाइन, पुन्हा चारही डिस्क. जाहिरातीत जोर, बॅज आणि मागची डिस्क एकाच ओळीत बसायला लागले. त्या ओळीतून पोरांनी जो अर्थ काढला तो असा: मागं डिस्क म्हणजे चांगला ब्रेक, मागं ड्रम म्हणजे पैसे वाचवलेत.

पैसे वाचवलेत हे खरंच आहे. पण त्याआधीचं, मागं डिस्क म्हणजे चांगला ब्रेक, हे वाक्य तपासून बघायला हवं.

ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढं झुकतं. पुढं इंजिन, पुढंच गिअरबॉक्स अशा हॅचबॅकमध्ये जोरात ब्रेक लावताना थांबवायच्या कामाचा मोठा वाटा, ढोबळमानानं तीन चतुर्थांश, पुढची चाकं उचलतात. मागचं चाक तेव्हा हलकं झालेलं असतं. त्याला जास्त ताकदीचा ब्रेक दिला तर ते लवकर लॉक होईल आणि गाडी शेपटीकडून फिरेल. म्हणून मागचा ब्रेक मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो. जुन्या गाड्यांत त्यासाठी मागच्या लाइनीवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह असायचा. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आलं तेव्हापासून पुढच्या-मागच्या ब्रेकचं हे वाटप तिच्यातलं ईबीडी करतं. १ एप्रिल २०१९ पासून नव्या विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कारला एबीएस सक्तीचं झालं. त्याआधीच्या स्वस्त व्हेरिएंटमध्ये मात्र हा एकटा व्हॉल्व्हच मागचं चाक सांभाळतो. दुसऱ्या मॉडेलचे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) काढून अशा गाडीला बसवणारे हुशार लोक त्या व्हॉल्व्हला हात लावत नाहीत, पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडरही तोच ठेवतात. कॅलिपरचा पिस्टन मोठा झाला की त्याच मास्टर सिलिंडरला जास्त ऑइल ढकलावं लागतं, पेडल खोल जातं. मग गाडीवाला म्हणतो, डिस्क टाकली तरी ब्रेक कडक नाही. हँडब्रेकची केबल बसत नाही ते वेगळंच. चढावर गाडी उभी करताना चाकामागं दगड ठेवणारा एक डिस्कवाला मी स्वतः पाहिलाय.

ड्रमची बाजूही कुणीतरी मांडायला हवी. त्यात एक शू असा बसतो की चाक फिरताना तो आपोआप ड्रमकडं ओढला जातो, त्यामुळं कमी दाबात जास्त पकड मिळते. हँडब्रेक सोपा आणि पक्का. शिवाय तो बंद असतो. ऊस हंगामात कारखान्याच्या रस्त्यानं गाडी घाला, ट्रॉल्यांनी शेतातून आणलेला चिखल डांबरावर पसरलेला असतो. डिस्कवर तो थेट बसतो, ड्रमच्या आत सहसा जात नाही. ड्रमचे दोष दोनच, पण मोठे: तापला की लवकर निवत नाही, आणि आत पाणी शिरलं तर बाहेर यायला वेळ घेतो. ट्रॅकवर लॅपमागून लॅप मारायचे असतील तर मागची डिस्क पाहिजेच, तिथं वाद नाही. पण कोल्हापुरात ट्रॅक म्हणजे गो-कार्टचा. गंमत अशी की साध्या कार्टला पुढं ब्रेकच नसतो, मागच्या ॲक्सलवर एकच डिस्क असते. इथल्या कैक पोरांनी वेगात ब्रेक मारायला पहिल्यांदा शिकलं ते तिथं. मागच्या डिस्कचं वेड तिथूनच आलं असं मी म्हणत नाही, पण मनात येतं.

खरा शत्रू उष्णता. हिशोब साधा आहे. माणसांसकट १,२०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवायला ब्रेकला सुमारे ४६० किलोज्यूल ऊर्जा गिळावी लागते. तीच गाडी घाटात ५०० मीटर खाली उतरली तर सुमारे ५,९०० किलोज्यूल कुठंतरी जिरवावे लागतात. म्हणजे शंभरच्या वेगावरून बारा-तेरा वेळा कचकन थांबल्यासारखं. यातला काही भाग हवा खाते, काही इंजिन, पण ते इंजिनाला खाऊ दिलं तर. ड्युअल क्लच गाडी डीवर (ड्राइव्हवर) सोडली की ती पेट्रोल वाचवायला वरचा गिअर धरते आणि सगळा भार पॅडवर येतो.

मे महिन्यात मालवणला जाताना गगनबावड्यावरून करूळ घाट उतरत होतो. स्विफ्ट, चार माणसं, आठवड्याचं सामान. निम्म्या घाटात पेडल मऊ झालं, पुढच्या वळणाला जवळपास तळाला टेकलं. हँडब्रेक आणि पहिला गिअर यांच्या जोरावर गाडी कडेला घेतली. अर्ध्या तासानं सगळं पूर्ववत. पॅड चांगले, डिस्क चांगली, ऑइल पाच वर्षांत कधी बदललेलं नव्हतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि आमच्या पश्चिमेच्या पावसात तर पोटभर शोषतं. डॉट ३ आणि डॉट ४ या ब्रेक ऑइलच्या प्रती. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा भरलेल्यासाठी ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. उकळलं की लाइनीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पाय खाली जातो. मागच्या चाकाला ड्रम होता की सोन्याची डिस्क, त्या वळणावर काही फरक पडला नसता. परत आल्यावर डॉट ४ भरलं, लाइनीतली एअर काढून घेतली, पुढं बऱ्या प्रतीचे पॅड टाकले. सगळं मिळून मागच्या डिस्कच्या खर्चाच्या पासंगालाही पुरलं नाही.

डिस्क या विषयात कोल्हापूर नुसतं गिऱ्हाईक नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यातल्या फौंड्र्या वाहनांसाठी बिडाचं ओतकाम करतात, आणि ब्रेकची डिस्क ही शेवटी करड्या बिडाचीच. त्या बिडात ग्राफाइट पापुद्र्यांच्या रूपात असतं. ते उष्णता पटकन वाहून नेतं आणि आवाजही दाबतं. म्हणून स्टीलची चकती चमकली तरी तिथं चालत नाही. हे ज्या गावाला ठाऊक आहे त्याच गावात साध्या डिस्कला ड्रिल मशीनवर भोकं पाडून घेणारेही आहेत. शर्यतीच्या गाड्यांना भोकं आली ती जुन्या पॅडमधून निघणारा वायू बाहेर जावा म्हणून. लेथवाल्यानं पाडलेल्या भोकाच्या काठापासून तडा सुरू होतो, आणि तो बाहेरच्या कडेला पोचला की विषय संपला. लेथवर डिस्क घासून घेणं ठीक, पण तिच्यावरच कोरलेली किमान जाडी वाचून.

कायद्याचाही गुंता आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं, नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा फेरबदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे कलम कडक अर्थानं लावलं, आणि त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं आलं. पण फेरबदल म्हणजे काय? कलमाचं स्पष्टीकरण सांगतं, वाहनाचं मूलभूत वैशिष्ट्य बदलेल असा रचनेतला बदल. आरसी बुकात ब्रेकचा रकानाच नसतो. मग ड्रम काढून डिस्क बसवणं हा रचनेतला बदल की सुटा भाग बदलणं? ज्याला विचारावं तो आपल्या सोयीचं सांगतो. पॅड, ऑइल, त्याच मापाची डिस्क यात काही अडचण नाही. कॅलिपर आणि ॲक्सलचा शेवट बदलला की विमा कंपनीच्या माणसाला बोलायला जागा मिळते.

एप्रिल २०२३ मध्ये ७,२१३ बलेनो आरएस तपासणीसाठी परत बोलावल्या गेल्या. ब्रेकला मदत करणाऱ्या व्हॅक्यूम पंपात दोष असू शकतो म्हणून. पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम साध्या पेट्रोल इंजिनात इनटेकमधून मिळतो, टर्बोत तो नेहमी मिळेलच असं नाही, म्हणून पंप लागतो. पंप गेला तरी ब्रेक लागतो, फक्त पायाला जोर जास्त लावावा लागतो. मागच्या डिस्कसाठी कौतुक झालेल्या त्याच गाडीची ही बातमी गॅरेजात मात्र फारशी चघळली गेली नाही.

आणि ड्रम परत येतोय. २०२० च्या फोक्सवॅगन आयडी ३ या इलेक्ट्रिक हॅचबॅकला कंपनीनं जाणूनबुजून मागं ड्रम दिले, कारण वेग कमी करायचं बरंचसं काम मोटारच करते आणि न वापरलेली डिस्क गंजते. आपल्याकडच्या टियागो ईव्हीलाही मागं ड्रमच आहेत. परवा उद्यमनगरात एक टियागो ईव्ही उभी होती. मालक टायर बदलायला आला होता. जाता जाता त्यानं विचारलंच, "मागं डिस्क बसतेय का हिला?"