नव्याचे नऊ दिवस आणि मेंदू

मनगटावर घड्याळ बांधलं की पहिली काही मिनिटं पट्ट्याचा स्पर्श जाणवतो. नंतर वेळ बघायची गरज पडेपर्यंत ते हातावर आहे हेही आठवत नाही. एकच बातमी सारखी येत राहिली की मेंदू तिच्याकडे कानाडोळा करतो. नवा फोन, पगारवाढ, मोठं घर यांनाही तो हाच न्याय लावतो. फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये याला ट्रेडमिलची उपमा दिली. धावायचं धापा टाकेपर्यंत, पण जागा तीच.

असं का होतं, याचा एक धागा १९९०च्या दशकात मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत सापडला. माकडाला अचानक रसाचा घोट मिळाला की त्याच्या मेंदूतल्या डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी जोरात सक्रिय होत. रसाआधी दरवेळी दिवा लागू लागला, तेव्हा काही दिवसांनी त्या दिवा लागतानाच सक्रिय होऊ लागल्या आणि प्रत्यक्ष रसाला गप्प. दिवा लागूनही रस आला नाही, तर त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही मंदावे. म्हणजे या पेशी किती मिळालं ते मोजत नव्हत्या. अपेक्षेपेक्षा किती जास्त वा कमी मिळालं, ते मोजत होत्या.

मग रोजच्या आनंदात थोडा खंड पाडला तर? मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ डन आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१३ मध्ये चॉकलेटवर हे करून पाहिलं. एका गटाने आठवडाभर चॉकलेटला हात लावायचा नाही. दुसऱ्या गटाला जवळजवळ एक किलो चॉकलेट देऊन सांगितलं, खाववेल तेवढं खा. तिसऱ्याला काहीच सूचना नाही. आठवड्यानंतर सगळ्यांनी चॉकलेट चाखलं, तेव्हा सर्वांत चवीने खाल्लं ते उपाशी गटाने. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण यात खर्च वाढत नाही, उलट वाचतो. आवडती मालिका एका बैठकीत संपवण्याऐवजी रोज एक भाग पाहणं हा त्याचाच घरगुती अवतार.

कृतज्ञतेची डायरी मात्र जरा जपूनच. ‘रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहा’ हा सल्ला मीही पाळला होता. तिसऱ्या आठवड्यात पान उलटून पाहिलं तर सलग पाच दिवस तेच तीन शब्द: आरोग्य, घरचे, नोकरी. हजेरीपटच तो! मानसशास्त्रज्ञ सोनिया ल्युबोमिर्स्की यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांचा आनंद वाढला, तीनदा लिहिणाऱ्यांचा नाही. औषध तेच, पण डोस वाढल्यावर बहुधा तेही अंगवळणी पडतं.

चालणं, वेळेवर झोपणं यांचं गणित उलटं. या गोष्टी अंगवळणी पडाव्यात हीच तर इच्छा असते. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एखादी कृती आपसूक होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हे माझ्यासारख्यांना दिलासा देणारं.

पण मेंदूला सगळ्यात कमी सरावता येतं ते माणसांना, असं मला वाटतं. दिवा लागला की रस येणार हे ठरलेलं असतं. समोरचा माणूस काय बोलेल ते ठरलेलं नसतं. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर या संशोधकांनी शिकागोच्या लोकलमधल्या काही प्रवाशांना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला लावलं. असा प्रवास कमी आनंदाचा होईल, असा लोकांचा होरा होता. प्रत्यक्षात बोलणाऱ्यांचा प्रवास गप्प बसणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदात गेला.

माझी डायरी आता फक्त रविवारी उघडते. मागच्या खेपेची नोंद अशी आहे: ‘बुधवारी लिफ्ट बंद. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांची पिशवी घेतली. प्रत्येक जिन्यावर दम खायला थांबले आणि तेवढ्यात स्वतःच्या लग्नाची गोष्ट सांगितली. तिसऱ्या मजल्यापर्यंत लग्न मोडलेलंच होतं.’