अमेरिकेत इंजिन बंद पडून छोटं विमान शेतात उतरवलं, तर एनटीएसबीला काय आणि कधी कळवायचं?

भाड्याने घेतलेल्या सेसना-१७२ चं इंजिन हवेत बंद पडलं, विमान मक्याच्या शेतात उतरलं आणि सगळे स्वतःच्या पायांनी बाहेर आले. एवढ्यावरून कायद्याच्या भाषेत तो 'अपघात' ठरत नाही. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळ, म्हणजे एनटीएसबी, आधी माणसांना झालेली इजा आणि विमानाचं नुकसान बघतं. गंभीर इजा किंवा 'मोठं नुकसान' झालं असेल, तर तो अपघात.

अपघातानंतरच्या ७ दिवसांत दाखल होऊन ४८ तासांहून जास्त इस्पितळात राहावं लागलं, हाड मोडलं किंवा शरीराचा ५ टक्क्यांहून जास्त भाग भाजला, तर ती गंभीर इजा. बोटांचं किंवा नाकाचं साधं फ्रॅक्चर त्यात येत नाही.

नुकसानीच्या बाबतीत मात्र बरेच जण गोंधळतात. फक्त इंजिन गेलं, प्रोपेलरची पाती जमिनीला लागून वाकली, चाकं, ब्रेक, फ्लॅप किंवा पंखाचं टोक तुटलं, तर ते 'मोठं नुकसान' धरत नाहीत. पण पुढचं चाक मोडताना फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि कॉकपिटमधल्या पत्र्याच्या भिंतीला, सुरकुती पडली किंवा पंखाचा स्पार, म्हणजे आतला मुख्य आडवा कणा, वाकला, तर धरतात. ही सुरकुती बाहेरून दिसतेच असं नाही. म्हणून मेकॅनिककडून काउलिंग (इंजिनावरचं झाकण) उघडून तपासून घ्या आणि मगच 'काही झालं नाही' म्हणा.

अपघात ठरत असेल तर फोन लगेच करायचा: ८४४-३७३-९९२२, चोवीस तास. कळवण्याची जबाबदारी ऑपरेटरची. ऑपरेटर म्हणजे विमान चालवणारा किंवा चालवायला लावणारा, मग तो मालक असो वा भाडेकरू. तुम्ही कुठल्या देशाचे नागरिक आहात याने फरक पडत नाही. विमान अमेरिकेत नोंदलेलं असलं की नियम लागू. फोनवर विमानाचा प्रकार आणि नोंदणी क्रमांक, मालक व पायलटचं नाव, वेळ, कुठून निघालात, कुठे चालला होता, नेमकी जागा, आत किती जण, किती जखमी, हवामान आणि नुकसान हे विचारतात.

विमान हलवू नका. जखमींना किंवा अडकलेल्यांना काढायला, अवशेष आणखी बिघडू नयेत म्हणून किंवा लोकांना धोका असेल तरच हलवता येतं. तसं करावं लागलंच, तर आधी फोटो, जागेचं रेखाचित्र आणि जमिनीवरच्या खुणांची नोंद हवी. शेतकऱ्याला पीक काढायची घाई असते, विमा कंपनीला विमान उचलायची. दोघांनाही सांगा की एनटीएसबीने मोकळीक दिल्याशिवाय ते जागचं हलणार नाही.

लेखी अहवाल १० दिवसांत, ६१२०.१ या फॉर्मवर. सोबत ठेवायची कागदपत्रं: पायलट सर्टिफिकेट, मेडिकल (वैद्यकीय प्रमाणपत्र), शेवटच्या फ्लाइट रिव्ह्यूची (पायलटच्या ठराविक काळाने होणाऱ्या फेरतपासणीची) तारीख, एकूण तास, त्याच मॉडेलवरचे तास, गेल्या ९० दिवसांतले, ३० दिवसांतले आणि २४ तासांतले तास. विमानाची आणि इंजिनाची लॉगबुकं, इंजिनाचा सिरियल नंबर, शेवटची तपासणी व ओव्हरहॉलनंतरचे तास, शेवटच्या टेकऑफच्या वेळी टाकीत किती इंधन होतं. शिकाऊ विद्यार्थी असाल तर फॉर्म स्कूल भरेल, पण जे घडलं त्याचा जबाब तुमचा तुम्हीच लिहून जोडायचा.

जबाब त्याच संध्याकाळी लिहा. फोर्स्ड लँडिंगच्या चेकलिस्टप्रमाणे तुम्ही मिक्स्चरचा दांडा ओढून इंजिनाचं इंधन तोडलेलं असतं. फ्युएल सिलेक्टर, इग्निशन, मास्टर, सगळं बंद केलेलं असतं. तपासनीसाला कॉकपिटमध्ये बंद स्विच दिसतात, हवेत ते कुठे होते हे फक्त तुम्हाला माहीत. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) हळूहळू उतरला की झटक्यात, इंजिन खडखडलं का, कार्ब्युरेटर हीट (कार्ब्युरेटरमध्ये बर्फ जमू नये म्हणून सोडायची गरम हवा) कधी ओढली, किती वेळ ठेवली आणि त्यावर इंजिनाने काय केलं हे क्रमाने लिहा. कार्ब्युरेटरमध्ये जमलेला बर्फ काही मिनिटांत वितळतो आणि मागे काहीच राहत नाही. अशा वेळी बाहेरचं तापमान, दवबिंदू आणि तुमची ही चार वाक्यं एवढाच पुरावा उरतो.

नासाचा गोपनीय सुरक्षा अहवालही १० दिवसांतच भरायचा असतो, म्हणून अनेकांची गल्लत होते. त्यामुळे मिळणारं कारवाईपासूनचं संरक्षण अपघाताला मिळत नाही, अपघाताचा तो अहवाल पुढे एनटीएसबी आणि एफएएकडे (अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाकडे) जातो. घटना अपघातात बसत नसेल तेव्हाच तो भरा, आणि तेव्हा जरूर भरा. तशा घटनेत ६१२०.१ एनटीएसबीने मागितला तरच द्यावा लागतो.

फॉर्ममध्ये 'हे कसं टाळता आलं असतं' असा एक रकाना आहे. तो कोरा सोडू नका. इंधनात पाणी आहे का हे बघायला टाकीतला नमुना सकाळी घेतला नव्हता, तर तिथे तसं लिहा.