पंख्याच्या पोटातला हब: दाबून बसवलेला की सुटा?

होडीच्या मागे बाहेर बसवलेल्या आउटबोर्ड इंजिनाचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, बाहेरून पाहिला तर अखंड धातूचा वाटतो. पण अगदी छोटी इंजिनं सोडली तर शाफ्ट आणि पाती यांच्यात धातूला धातू थेट भिडलेला नसतो. मधे हब असतो. शाफ्टच्या खाचांवर, म्हणजे स्प्लाइनवर, तो आतून बसतो आणि पंख्याला बाहेरून धरून फिरवतो. हे धरणं दोन प्रकारे होतं: एकात रबरी बुश कारखान्यात दाबून कायमचा बसवलेला असतो, दुसऱ्यात हब सुटा असतो आणि किट म्हणून वेगळा मिळतो. नट आवळल्यावर दोन्ही इतके सारखे दिसतात, की आपल्या पंख्यात कोणता आहे हे अनेकांना तो निकामी झाल्यावरच कळतं.

हब कशासाठी, असं विचारलं की एकच उत्तर मिळतं: पंखा दगडावर आपटला तर गिअर वाचावेत म्हणून. ते खरं आहे, पण अर्धंच. आउटबोर्डच्या खालच्या गिअरच्या डब्यात मोटारगाडीसारखा घसरत घसरत पकडणारा क्लच नसतो. तिथे डॉग क्लच असतो, म्हणजे दातात दात खटकन अडकतो. न्यूट्रलमधून गिअर टाकला की थांबलेल्या पंख्याला एका झटक्यात फिरायला लागतं. दगड कधीतरीच लागतो, हा झटका मात्र रोजचा, आणि तो पोटात घेण्याचं कामही हबचंच.

दाबून बसवलेल्या हबमध्ये मधोमध स्प्लाइनची धातूची नळी असते आणि तिच्याभोवती जाड रबर. हे रबर पंख्याच्या भोकापेक्षा मोठं असतं. ते प्रेसखाली आत कोंबतात आणि त्या दाबाच्या जोरावरच ते पंख्याला धरून ठेवतं. पकड सारी घर्षणाची. मोठा आघात झाला तर रबर भोकात घसरतं, गिअरवर येणारा धक्का तिथेच जिरतो. एकदा घसरून तापलेलं रबर मात्र गुळगुळीत होतं आणि पुढे पुढे कमी जोरालाही घसरू लागतं. दुरुस्ती म्हणजे जुना बुश काढून प्रेसवर नवा बसवणं. ते काम वर्कशॉपचंच, होडीत बसून होणारं नाही.

सुट्या हबच्या पंख्यात भोक गोल नसतं. ते चौकोनी किंवा खाचाखाचांचं असतं, आणि त्यात तशाच आकाराची स्लीव्ह, म्हणजे नळीसारखा तुकडा, हाताने सरकवून बसते. इथे पकड घर्षणाची नाही, आकाराची. मर्क्युरी कंपनीच्या फ्लो-टॉर्क २ या हबमध्ये ही स्लीव्ह डेलरिन नावाच्या कणखर प्लास्टिकची असते. धक्का बसला की ती थोडी पिळली जाते आणि पुन्हा सरळ होते, फारच जोराचा बसला तर तुटते. पण किट म्हणजे प्लास्टिकच, असं समजू नका. सोलास कंपनीच्या रुबेक्स पंख्यांच्या सुट्या हबमध्येही रबरच असतं.

किटचा एक फायदा म्हणजे किट बदललं की तोच पंखा दुसऱ्या कंपनीच्या शाफ्टवर चढू शकतो. इथे फसगतही होते. स्प्लाइनचे दात मोजून जुळले म्हणजे बसेलच असं नाही, शाफ्टचा व्यास वेगळा असू शकतो. शिवाय पाती ज्यावर असतात त्या पंख्याच्या नळकांड्याचा बाहेरचा व्यास कोणतंही किट बदलू शकत नाही. तो गिअरच्या डब्याला साजेसा असावाच लागतो.

आता बिघाडाची ओळख. इंजिन ओरडतंय, आरपीएम चढतोय, होडी मात्र जागची हलत नाही, हे दृश्य पाहून लगेच ‘हब गेला’ म्हणू नये. पंख्याने पृष्ठभागावरची हवा ओढली तरी असंच होतं. फरक असा, की हवा ओढली जाते ती बहुधा तीव्र वळणावर किंवा इंजिन फार वर ट्रिम केलेलं, म्हणजे वरच्या बाजूला कललेलं असताना, आणि ट्रिम खाली घेतला की पकड परत येते. हब घसरत असेल तर सरळ रेषेतही, ठरावीक थ्रॉटलच्या पुढे गेलं की पकड सुटते, आणि ट्रिमने काही फरक पडत नाही.

‘स्लिप’ हा शब्द या गोंधळात आणखी भर घालतो. १७ इंच पिचचा पंखा हिशेबाने एका फेऱ्यात १७ इंच पुढे जायला हवा, प्रत्यक्षात साडेचौदाच्या आसपास गेला तर त्याला १५ टक्के स्लिप म्हणतात. ती पाण्यातली घसरण आहे आणि ती असणारच. हबची घसरण हा बिघाड आहे.

रबरी हबचा संशय फेडायचा सोपा उपाय आहे. आतली नळी, रबर आणि पंख्याची आतली भिंत यांवरून एक सरळ रेघ ओढा, पाण्यात जोर लावून चालवून आणा, आणि पाहा. रेघ तुटून सरकली असेल तर रबर घसरलं. सुट्या हबला तर रेघेचीही गरज नाही, पंखा काढून स्लीव्ह हातात घ्या, पिळलेली किंवा तुटलेली दिसेलच.

घसरणारं रबर बहुतेक वेळा अगदी कमी थ्रॉटलला धरून राहतं, त्यामुळे रांगत रांगत का होईना परत येता येतं. तुटलेल्या स्लीव्हचा असा भरवसा मी धरणार नाही, पण जादा स्लीव्ह जवळ असेल तर ती जागेवर बदलता येते. किनाऱ्याजवळच फिरणाऱ्याला रबरी हब पुरे. तो कमी आरपीएमला शांतही चालतो, कडक स्लीव्हमधून कधीकधी गिअरची खडखड ऐकू येते. लांब जाणाऱ्याने मात्र किट घ्यावं आणि एक जादा स्लीव्ह होडीत ठेवावी. वारंवार घसरतोय म्हणून हब वेल्ड करून टाकणारेही भेटतात. त्यांचा पंखा पुन्हा घसरत नाही हे खरं, पण पुढचा दगड थेट गिअरवर लागतो.

बदलताना आधी सेफ्टी लॅनयार्ड, म्हणजे ओढली की इंजिन बंद करणारी दोरी, काढा. पाती आणि त्यांच्या वर असलेली इंजिनाची आडवी पट्टी यांच्यात लाकडाचा ठोकळा अडकवून नट सोडा, आणि पंखा ओढताना दुसरा हात खाली धरा. पंख्याच्या पुढे थ्रस्ट वॉशर असतो, तो अनेकदा पंख्याला चिकटून येतो आणि मग पाण्यात पडतो. होडीला पुढे ढकलणारा जोर याच वॉशरमधून शाफ्टवर जातो. तो नसेल तर नवी स्लीव्ह असूनही पंखा चढवू नका, पुढे सरकून तो गिअरच्या डब्यालाच घासेल.