नाकाचा मास्क की नाक-तोंडाचा?

झोपेत श्वास किती अडकतो हे बघणाऱ्या स्लीप स्टडीचा रिपोर्ट येतो, डॉक्टर सीपॅप, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देणारं मशीन, लिहून देतात आणि घरची मंडळी इथे इंदुरात दवा बाजार गाठतात. तिथे मशीनची चौकशी सावकाश होते: कंपनी कोणती, गॅरंटी किती, ऑटो (दाब आपोआप जुळवणारं) की साधं. मास्कचा निकाल मात्र जाता जाता एकाच प्रश्नावर लागतो, "तोंड उघडं ठेवून झोपतात का?" घोरणाऱ्याच्या बायकोला हे विचारलं तर उत्तर "हो" शिवाय काय येणार? मग फुल फेस, म्हणजे नाक-तोंडाचा, मास्क पिशवीत पडतो. माझ्या मते इथेच गडबड होते. महागडं मशीन महिन्याभरात कपाटावर चढतं, त्यात बऱ्याचदा मशीनपेक्षा मास्कचाच दोष जास्त असतो.

पाहायला दोन्ही सारखेच. सिलिकॉनची गादी, डोक्यामागून पट्टे, पुढे नळी. नेझल, म्हणजे नाकाचा, मास्क नाकाच्या हाडापासून वरच्या ओठापर्यंत बसतो. फुल फेस त्याच जागेहून सुरू होऊन खालच्या ओठाच्या खाली टेकतो, म्हणजे नाक आणि तोंड दोन्ही झाकतो. डोळे-कपाळ मोकळेच राहतात. नाकपुड्यांना नुसत्या टेकणाऱ्या नेझल पिलो मिळतात, त्या नाकाच्याच घराण्यातल्या.

खरा फरक आत, घशात पडतो. झोपेत स्नायू सैल पडून ज्यांची श्वासाची वाट मिटते, त्यांची ती वाट हवेच्या दाबाने उघडी धरायची, एवढंच सीपॅपचं काम. हा दाब साधारण ४ ते २० सेंटिमीटर पाण्याइतका असतो. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत पहिल्यांदा मांडली, तेव्हा हवा नाकातूनच दिली होती. नाकातून दाब आला की मऊ टाळू आणि जीभ पुढे सरकतात, टाळू जिभेला टेकते आणि तोंडाची बाजू आतूनच बंद होते. मागे घसा मोकळा राहतो.

फुल फेसमध्ये तोच दाब तोंडातूनही आत शिरतो. दोन्हीकडून सारखाच जोर आल्यावर जीभ पुढे सरकायला कारण उरत नाही. शिवाय मास्क गळू नये म्हणून पट्टे आवळले की हनुवटी मागे दाबली जाते आणि तिच्याबरोबर जीभही. म्हणून कित्येकांना फुल फेसवर जास्त दाब लागतो, हवा जास्त गळते, आणि मशीन चालू असूनही श्वास अडकण्याचे काही प्रसंग शिल्लक राहतात. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनातही उपचार सुरू करताना नाकाच्या मास्कलाच पसंती आहे.

मग उघड्या तोंडाचं काय? पुष्कळांचं तोंड उघडतं ते श्वासासाठी चाललेल्या धडपडीत. नाकातून वाट मोकळी मिळाली की त्यातल्या बऱ्याच जणांचं तोंड आपोआप मिटतं. कोणाचं मिटेल हे दुकानात उभं राहून सांगता येत नाही, मास्क लावून झोपल्यावरच कळतं. सकाळी घसा लाकडासारखा कोरडा असेल आणि मशीन गळती जास्त दाखवत असेल, तर हवा तोंडातून निसटते आहे. अशा वेळी आधी ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी), मग हनुवटीचा पट्टा, आणि तरीही जमलं नाही तर फुल फेस, हा क्रम मला पटतो. ओठांना चिकटपट्टी लावायचे प्रयोग डॉक्टरांना न विचारता करू नयेत. नाक चोंदलेल्या माणसाने तर मुळीच नाहीत.

नाक खरंच बंद असेल तर गोष्ट वेगळी. दिवसा आडवं पडून, तोंड मिटून काही मिनिटं निवांत श्वास घेऊन बघा. जमत नसेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे आधी जा. नाकाचा पडदा वाकडा असतो, पॉलिप म्हणजे आत वाढलेले मऊ कोंब असतात, ॲलर्जीची सूज असते, आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. इलाज करूनही नाक साथ देत नसेल तर फुल फेस हाच योग्य मास्क, तिथे नेझलचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

उलट ज्याला स्वतःच्या हाताने मास्क काढता येत नाही, किंवा ज्याला वारंवार उलट्या होतात, त्याला फुल फेस धोक्याचा. उलटी मास्कमध्येच अडकून फुफ्फुसात जाऊ शकते. मध्यरात्री सराफ्याच्या खाऊबाजारात भुट्ट्याचा कीस, गराडू आणि वर रबडी हाणून घरी येऊन मास्क चढवणाऱ्या इंदुरी मंडळींनीही जेवण आणि मास्क यांत थोडं अंतर ठेवावं. निदान आंबट ढेकर तरी मास्कमध्ये कोंडणार नाहीत.

लाइट गेली तर? ही भीती सगळ्यांना असते. नेझलवाला तोंडाने श्वास घेतो. फुल फेसला त्यासाठी एक झडप दिलेली असते. दाब थांबला की ती उघडते आणि खोलीतली हवा आत येते. म्हणून मास्क धुतल्यावर ती झडप अडकली तर नाही ना, हे बघावं.

दोन्ही मास्कना बारीक भोकं असतात आणि त्यांतून सतत फुसफुस हवा जाते. ती गळती नव्हे. सोडलेला कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर पडतो. "हवा वाया जाते" म्हणून त्यावर टेप लावणारे हुशार घरोघरी सापडतात, त्यांना आवरा. याच कारणाने दवाखान्यातून उरलेला मास्क घरी आणून सीपॅपला जोडू नये. व्हेंटिलेटरसाठी बिनभोकाचे मास्कही असतात, बऱ्याचदा त्यांचा कोपरा निळा असतो, बाकी रूप अगदी तेच.

माप घेताना आडवं पडून, मशीन चालू करून घ्या. बसल्या जागी चपखल बसलेला मास्क कुशीवर वळलं की गळतो. रात्री कवळी काढून ठेवणाऱ्या आजोबांचे गाल बसतात, तर माप कवळी काढूनच घ्यावं; फुल फेस इथे हमखास फसतो. भरघोस मिश्या दोन्हींना नडतात. झोपण्याआधी चेहऱ्याला तेल-क्रीम नको, आणि मास्कची गादी रोज सौम्य साबणाने धुवावी. पेसमेकर किंवा शरीरात धातूचं काही बसवलेलं असेल तर चुंबकाच्या क्लिपवाला मास्क घेऊ नका, दुकानदाराला हे आधीच सांगा.

ह्युमिडिफायरमध्ये नळाचं नर्मदेचं पाणी न घालता डिस्टिल्ड घाला. डिसेंबर-जानेवारीत इकडच्या थंडीने नळीत पाणी साचून नाकावर थेंब पडतात, तेव्हा नळी रजईच्या आतून घ्यावी.

मास्क बदललात तर मशीनच्या सेटिंगमध्ये मास्कचा प्रकारही बदलून घ्या. नेझल, फुल फेस, पिलो असे पर्याय बहुतेक ऑटो मशीनमध्ये असतात. तो जुनाच राहिला तर गळतीचा आणि दाबाचा हिशेब चुकतो आणि डॉक्टरांपुढे जाणारा रिपोर्टही चुकीचाच जातो.