१५ वर्षं झालेल्या छोट्या गाडीचं रीपासिंग: कुठे अडतं, काय लागतं

गेल्या महिन्यात एक निवृत्त गुरुजी तिसऱ्यांदा गॅरेजवर आले. २०१० ची अल्टो, एका हातात वापरलेली, इंजिनाचा आवाज शिलाई मशीनसारखा. तरी रीपासिंगला, म्हणजे १५ वर्षांनी संपणारी नोंदणी पुढे वाढवायला, नेली तर दोनदा आरटीओतून माघारी. पहिल्या खेपेला चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या पत्र्यावर ठोकलेला ओळख क्रमांक, वाचता येईना म्हणून, दुसऱ्या खेपेला आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, अजून बँकेचं नाव आहे म्हणून. दोन्ही वेळा ब्रेक कुणी दाबूनसुद्धा पाहिला नाही. गाडी तिथवर पोचलीच नाही.

वीस वर्षं गॅरेज चालवतोय, पासिंगच्या गाड्या तयार करून देणं हा माझ्या पोटापाण्याचाच भाग आहे. ‘जुनी गाडी पास होईल का हो?’ हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो. नीट वापरलेली छोटी पेट्रोल गाडी बहुतेक वेळा पास होते. अडतं ते गाडी आणि आरसी यांचं एकमेकांशी जुळत नाही तेव्हा. निरीक्षक आधी गाडी कागदाशी ताडून पाहतो, तिची तब्येत त्यानंतर.

आधी एक अफवा बाजूला करू. १५ वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावी लागते, असं व्हॉट्सॲपवर फिरत असतं. १० वर्षांच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी हा दिल्ली परिसरातला विषय आहे. महाराष्ट्रातल्या खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि तपासणी करून पुढे ५-५ वर्षांसाठी वाढवता येते. पांढऱ्या पाटीच्या गाडीला दरवर्षी पासिंग नसतं. ते टॅक्सी पासिंगच्या, म्हणजे पिवळ्या किंवा काळ्या पाटीच्या गाड्यांना: पहिली ८ वर्षं दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. जुनी टॅक्सी घेणाऱ्यांनी हे सौदा करण्याआधी विचारावं.

आता तारीख. सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. १५ वर्षं मोजायची ती आरसीवरच्या नोंदणीच्या तारखेपासून. तुम्ही गाडी कधी घेतली याच्याशी संबंध नाही, गाडी कोणत्या साली बनली याच्याशीही नाही. वैधतेची शेवटची तारीख आरसीवर छापलेली असते, ती पाहा. नियम असा की अर्ज, म्हणजे नमुना २५, मुदत संपण्याच्या आधीच्या ६० दिवसांत करायचा. हे ‘६० दिवस’ लोक उलटं वाचतात. मुदत संपल्यावर दोन महिने सवलत मिळते असं समजून निवांत बसतात. तशी सवलत कुठेही नाही. मुदत संपली की दुसऱ्या दिवसापासून ती गाडी कायद्याच्या नजरेत बिननोंदणीची. रस्त्यावर सापडली तर पहिल्या खेपेला ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि त्यात अपघात झाला तर विमा कंपनीला नाही म्हणायला आयतं कारण मिळतं. शिवाय उशिराच्या प्रत्येक महिन्याला, महिना पुरा भरला नसला तरी, ५०० रुपये वाढीव लागतात. दोन वर्षं झाकून ठेवलेल्या गाडीचे १२,००० नुसते इथेच गेले. याउलट काही हौशी मंडळी सहा महिने आधीच सायबर कॅफेत जाऊन बसतात आणि पोर्टल अर्ज घेत नाही म्हणून माझ्यावर चिडतात.

खर्चाचं म्हणाल तर मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ५,००० रुपये. एप्रिल २०२२ पासून हा दर आहे, त्याआधी ६०० होते. ही वाढ कुणाच्या सोयीसाठी होती ते तुम्हीच ओळखा. स्मार्ट कार्डाचे २००. त्यावर महाराष्ट्राचा पर्यावरण कर, पाच वर्षांचा एकदम. पेट्रोल गाडीला ३,००० आणि डिझेलला ३,५०० असा आमच्याकडच्या पावत्यांवर येत आलाय. तुमचा आकडा पोर्टलवरच दिसेल. आणि गाडीला २० वर्षं होऊन गेली असतील तर ऑगस्ट २०२५ पासून ५,००० च्या जागी १०,००० मोजावे लागतात. अशी वीस वर्षांकडे झुकलेली गाडी घेताना ‘अजून दीड वर्ष पासिंग आहे’ असं विकणारा छातीठोक सांगतो तेव्हा हा हिशेब त्याच्यासमोरच मांडा. चाळीस हजारांच्या गाडीत दहा हजार म्हणजे थोडेथोडके नाहीत.

अर्ज परिवहनच्या वाहन पोर्टलवर करायचा. गाडीचा नंबर, चेसिसचे शेवटचे पाच आकडे, मोबाइलवर ओटीपी, शुल्क, तपासणीची तारीख. पाच मिनिटांचं काम.

पण तो ओटीपी जातो कुठे? २०१० साली गाडी घेताना फॉर्म तुम्ही भरला नव्हता, शोरूमच्या पोराने भरला होता. मोबाइल नंबर त्याने स्वतःचा किंवा एजंटचा टाकला. तो एजंट आता कुठे आहे देव जाणे. म्हणून मुदतीच्या तीन महिने आधी पोर्टलवर फक्त एवढंच तपासा की नोंदलेला नंबर तुमचा आहे का. नसेल तर आधी तो बदलून घ्या. नाव आणि आधार जुळत नसेल तर कार्यालयात एक फेरी धरूनच चाला. आरसीवर ‘बाळासाहेब’ आणि आधारवर ‘बाळासो’, एवढ्यावरून आमच्या भागात कितीतरी अर्ज लटकलेत.

दुसरी अडचण बोज्याची. कर्ज २०१५ ला फिटलं, बँकेने नाहरकत पत्र दिलं, ते कपाटात ठेवलं आणि विषय संपला असं घरात सगळ्यांना वाटलं. आरसीवरचं बँकेचं नाव आपोआप जात नाही. त्यासाठी नमुना ३५ आणि ते पत्र आरटीओत द्यावं लागतं, आणि जुनं पत्र तिथे चालत नाही, ते ताजंच लागतं. मग बँक शोधा. गुरुजींचं कर्ज देना बँकेचं. ती बँक एप्रिल २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली, म्हणजे पत्र बडोदाकडून घ्यायचं. गुरुजी जुन्या शाखेची पाटी शोधत दोन दिवस गावभर फिरले होते. सिंडिकेट बँकेचं कर्ज असेल तर कॅनरा, कॉर्पोरेशन किंवा आंध्रा बँकेचं असेल तर युनियन. सोबत जुना कर्ज खाते क्रमांक न्या. नसेल तर पासबुकातली हप्त्याची एखादी नोंद तरी न्या, नाहीतर काउंटरवरचा माणूस हात वर करतो.

तिसरी अडचण मालकाची. गाडी तुम्ही वापरता, पण आरसीवर ज्याच्याकडून घेतली त्याचं नाव. नमुना २९ आणि ३० वर सह्या घेऊन ठेवल्यात, टीसी (मालकी बदलाची नोंद) करायची राहिली. आधी टीसी, मग रीपासिंग. तो माणूस बदली होऊन नागपूरला गेला असेल तर तुमचं नशीब. त्याहून नाजूक प्रकरण वडिलांच्या नावावरच्या गाडीचं. वडील गेले, गाडी मुलगा चालवतो, आणि मुदत आली की वडिलांच्याच नावाने अर्ज करायला जातो, त्यांचा मोबाइल अजून चालू असतो म्हणून. असं करू नका. मृत्यूचा दाखला, बाकी वारसांची संमती आणि नमुना ३१ देऊन गाडी आधी आपल्या नावावर करा. कायद्याने यासाठी तीन महिन्यांची मुदत दिलीय, पण दुःखाच्या दिवसांत ती कुणाच्या लक्षात राहते? उशीर झाला असेल तरी जा. बहिणीची सही लागेल. घरात वाटणीवरून कुरबूर असेल तर ती सही मिळवणं हेच पासिंगचं सगळ्यात अवघड काम.

विमा चालू लागतो, निदान थर्ड पार्टी. १००० सीसीच्या आतल्या गाडीला त्याचा दर वर्षाला २,०९४ रुपये आणि वर जीएसटी. अर्ज करताना चालू आणि तपासणीच्या दिवशी संपलेला, असंही घडतं; तारखा आधी एकमेकांशेजारी लिहून बघा. पीयूसीचं, म्हणजे धुराच्या तपासणीच्या दाखल्याचं, गणित थोडं वेगळं. एप्रिल २०१० पासून मुंबई, पुणे, सोलापूर धरून देशातल्या १३ शहरांत बीएस-४ (धुराच्या सरकारी मानकाची चौथी पायरी) गाड्याच विकल्या जात होत्या, बाकीकडे खालच्या बीएसच्या चालत. म्हणून एकाच साली घेतलेली पुण्याची वॅगन-आर बीएस-४ निघते आणि सांगलीची बीएस-३. बीएस-४ चं पीयूसी वर्षभर चालतं, तिच्या खालच्या गाडीचं सहाच महिने. मर्यादाही निराळी: बीएस-३ ला कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के, बीएस-४ ला ०.३. गाडी थंड असताना पीयूसी करू नका. दहा-बारा किलोमीटर पळवून इंजिन तापलेलं असताना मशीनला लावा. तेवढ्याने काठावरची गाडी आत येते. तरी जमलं नाही तर एअर फिल्टर आणि प्लग बदला. केंद्रवाल्याला शंभर रुपये जास्त देऊन पावती घेण्याच्या फंदात पडू नका.

नंबर प्लेट एचएसआरपी, म्हणजे सरकारमान्य हाय सिक्युरिटी प्लेट, हवी, नाहीतर आरटीओतलं कुठलंच काम पुढे सरकत नाही. २०१९ च्या एप्रिलआधीच्या गाड्यांना ती लावायची मुदत सरकारने इतक्यांदा वाढवली की लोकांनी ती मनावर घेणंच सोडून दिलं. मोटारीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. प्लेटबरोबर पुढच्या काचेवर आतून लावायचा स्टिकरही मिळतो. लोक तो डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून देतात.

सीएनजी असेल तर दोन गोष्टी. बाहेरून किट बसवलं असेल तर आरसीवर ‘पेट्रोल/सीएनजी’ लिहून आलंय का? नसेल तर ती गाडी कागदाच्या हिशेबाने पेट्रोलची आणि डिकीतली टाकी बेकायदा. आणि टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर तीन वर्षांनी लागते. टाकी उतरवावी लागते, दोन-चार दिवस जातात, म्हणून हे काम तपासणीच्या आदल्या आठवड्यावर ढकलू नका.

आता चेसिस नंबर, ज्यावरून गुरुजी पहिल्यांदा परत आले. बहुतेक छोट्या गाड्यांत तो बॉनेटखाली, इंजिनाच्या मागच्या उभ्या पत्र्यावर ठोकलेला असतो; काहींत पुढच्या सीटखाली, गालिचा उचलला की दिसतो. पंधरा वर्षांची धूळ, तेल, आणि कधीतरी अपघातानंतर मारलेला रंग, यांच्याखाली तो दडतो. गुरुजींच्या गाडीत शेवटचे तीन आकडे रंगाखाली होते. घासलेट लावलेल्या फडक्याने आधी वंगण काढलं, मग थिनरने रंग मऊ केला आणि जुन्या टूथब्रशने हळूहळू सोडवला. नंबरावर पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश चालवू नका. आकडा पुसट झाला तर खाडाखोड केल्याचा संशय येतो, आणि मग प्रकरण वेगळ्याच टेबलावर जातं. मोकळा झाल्यावर त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवली, सगळे १७ आकडे-अक्षरं उमटली, आणि तो कागद आम्ही आरसीशेजारी ठेवून एकेक करून ताडून पाहिला. हे घरी होतं. इंजिन नंबरही असाच बघा. मध्ये कधी इंजिन बदललं असेल आणि नोंद केली नसेल तर ते इथे उघडं पडतं. गाडीचा रंग बदलला असेल तर तेही.

यानंतर प्रत्यक्ष तपासणी. काही भागांत आता मशीनवर चाचणी करणारी स्वयंचलित केंद्रं आहेत, बाकी ठिकाणी मोटार वाहन निरीक्षक स्वतः पाहतो. छोट्या गाड्या खरोखर नापास होतात त्या माझ्या अनुभवात या गोष्टींनी: ढिला हँडब्रेक, पिवळी पडलेली हेडलाइटची काच, पेटत नसलेला नंबर प्लेटचा दिवा, गुळगुळीत टायर, काळी फिल्म. टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर लागते; खाचेच्या तळाशी रबराची छोटी उंच पट्टी असते, टायर झिजून तिला टेकला की संपला. स्टेपनीसुद्धा बघतात. मागचे सीटबेल्ट सीटखाली अडकलेले असतात ते वर काढा. लोखंडी बंपर गार्ड, म्युझिकल हॉर्न आणि बाहेरून बसवलेले झगझगीत दिवे घरी काढून ठेवा. खालचा पत्रा गंजून भोक पडलं असेल, कोकणातल्या गाड्यांत हे फार, तर वेल्डिंग आधी करून घ्या. वरून काळं मारून झाकलेलं टोकरलं की कळतं.

नापास झालात तर भांडू नका. कारण लिहून घ्या, तेवढंच दुरुस्त करा आणि पुन्हा तारीख घ्या. तोंडी ‘हे पण बघून घ्या’ असं सांगितलं असेल तर तेही तिथल्या तिथे विचारा, कारण पुढच्या वेळी दुसरा साहेब असेल.

गुरुजींची अल्टो तिसऱ्या खेपेला वीस मिनिटांत पास झाली. नवं कार्ड मात्र महिना झाला तरी आलं नाही. ते टपालाने आरसीवरच्या पत्त्यावर जातं, आणि आरसीवर पत्ता होता २०१० सालच्या भाड्याच्या खोलीचा. पाकीट परत आरटीओत जाऊन पडलं होतं. आधार आणि पासिंगची पावती घेऊन काल ते स्वतः आणायला गेले.