आउटबोर्ड हायड्रोप्लेन रेसिंग: वेग, ताबा आणि इंजिनांची बरोबरी

मागच्या फळीला बाहेरून अडकवलेल्या इंजिनावर चालणाऱ्या आणि पाण्याला जेमतेम टेकून पळणाऱ्या हलक्या बोटींची शर्यत म्हणजे आउटबोर्ड हायड्रोप्लेन रेसिंग. अमेरिका, युरोप आणि जपान हे तिचे मुख्य पट्टे. कोकणात होडीला मागे लावलेलं आउटबोर्ड मशीन ज्यांनी पाहिलंय त्यांना इंजिन वेगळं समजावायला नको, वर इंजिन, मधे उभा दांडा, खाली गिअर आणि पंखा, इथेही तेच असतं. फरक आहे तो बोटीत आणि नियमांत. या खेळात तीन गोष्टींची कायम ओढाताण चालते: सरळ रेषेतला वेग, वळणावरचा ताबा, आणि सगळ्यांची इंजिनं सारखी असावीत हा आग्रह. पहिल्या दोन चालकाच्या आणि मेकॅनिकच्या हातात, तिसरी नियम करणाऱ्यांच्या, पण एकीला हात लावला की बाकीच्या दोन हलतात.

उगम

आउटबोर्ड इंजिन पहिल्यांदा कुणी केलं यावर एकमत नाही. फ्रान्सच्या गुस्ताव त्रुव्हेने १८८१ मध्ये सीन नदीत काढघाल करता येणाऱ्या विजेच्या मोटरवर बोट चालवली, ही नोंद पक्की आहे, पण तिच्यातून पुढे शर्यतीची परंपरा काही निघाली नाही. पेट्रोलवरच्या इंजिनांत न्यूयॉर्कमधल्या एका कंपनीने १८९६ च्या सुमारास काही इंजिनं विकली असं म्हणतात, त्यानंतर १९०६-०७ च्या आसपास कॅमेरॉन वॉटरमनची, आणि १९०९ मध्ये मिलवॉकीच्या ओले एव्हिनरूडची. सर्वसामान्य पुस्तकं सगळं श्रेय एव्हिनरूडला देतात, आणि आइस्क्रीम आणायला वल्ही मारत जावं लागलं म्हणून त्याला इंजिन सुचलं ही गोष्टही सोबत येते. त्याला ‘पहिला’ म्हणण्यापेक्षा ‘पहिला टिकलेला’ म्हणणं जास्त बरोबर. आपल्या विषयासाठी त्याचंच महत्त्व मोठं, कारण एकाच साच्यातली शेकडो इंजिनं बाजारात आली तेव्हाच ‘तुझं आणि माझं इंजिन सारखं, आता बघू कोण पुढे जातं’ असं म्हणायची सोय झाली.

हायड्रोप्लेनचं मूळ आणखी मागे जातं. इंग्लंडमधले एक पाद्री, चार्ल्स मीड रॅमस, यांनी १८७२ मध्ये बोटीच्या तळाला पायरी दिली तर ती पाण्यावर उचलली जाईल असा प्रस्ताव ब्रिटिश नौदलाकडे नेला, जहाजांच्या आकाराचे अभ्यासक विल्यम फ्राउड यांनी त्याची मॉडेलं तपासली, पण त्या काळच्या वाफेच्या इंजिनांचं वजन बघता ते जमणारं नव्हतं. कल्पना बरोबर होती, इंजिन यायचं होतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हलकी पेट्रोल इंजिनं आली आणि पायरीच्या तळाच्या बोटी खरंच पळायला लागल्या.

आजची बोट त्या पायरीवाल्या बोटीची थेट वारस नाही. पुढे दोन्ही बाजूंना एकेक पाय, म्हणजे स्पॉन्सन, आणि मागे तिसरा टेकू, हा तीन बिंदूंचा आकार न्यू जर्सीतल्या व्हेंटनर बोट वर्क्सच्या अ‍ॅडॉल्फ आणि आर्नो एपेल या बापलेकांनी १९३० च्या दशकाच्या मध्याला रूढ केला, याबद्दल फारसं दुमत नाही. दुमत आहे ते पुढच्या टप्प्यावर: तिसरा टेकू तळाचा न ठेवता अर्धवट बुडालेल्या पंख्याचाच ठेवायचा, हे मुद्दाम कुणी साधलं? सिअ‍ॅटलच्या ‘स्लो-मो-शन ४’ या बोटीने २६ जून १९५० ला ताशी १६०.३२३ मैलांचा विक्रम केला तेव्हा हे तंत्र जगासमोर आलं. ती इनबोर्ड, म्हणजे इंजिन आत बसवलेली, बोट होती. डिझाइनचं श्रेय टेड जोन्सचं की बांधणाऱ्या अँकर जेन्सनचं यावर दोन तट पडले. काहींच्या मते एपेलांच्या जुन्या बोटीही जोरात असताना मागून आपोआप उचलल्या जायच्या आणि जोन्सने फक्त ते नेमानं घडवून आणलं. हे शेवटचं मत जास्त पटतं, कारण हलक्या बोटीचा पंखा वर घेतला की मागचं टोक उचलायला लागतं, ते लपून राहणारं नाही.

बोट पळते कशी

चपटा दगड पाण्यावर टप्पे खात जातो तशी ही बोट जाते, एवढं सांगून बरेच लेख पुढे सरकतात, पण टप्पे खाणं हा इथे दोष आहे. चांगली बसलेली बोट दोन स्पॉन्सनच्या मागच्या कडांवर आणि पंख्यावर स्थिर राहते, आणि दोन स्पॉन्सनच्या मधल्या बोगद्यासारख्या जागेतून जाणारी हवा तिचं बरंचसं वजन उचलते. हवेची ही उचल वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे वेग दहा टक्के वाढला तर उचल साधारण एकवीस टक्के वाढली. इथेच वेग आणि ताबा यांचं भांडण सुरू होतं. पाण्याला जितकं कमी टेकाल तितकं घर्षण कमी आणि वेग जास्त, पण नाक थोडं जरी जास्त उचललं तर हवा खालून शिरते आणि बोट उलटी मागे पडते. वेगाचे विक्रम करणारे डोनाल्ड कॅम्पबेल यांची ‘ब्लूबर्ड’ ४ जानेवारी १९६७ ला इंग्लंडमधल्या कॉनिस्टन तलावावर अशीच उलटली आणि त्यात त्यांचा जीव गेला. ती जेट बोट होती, पण तीन बिंदूंचं तत्त्व तेच.

वळणं बहुतेक ठिकाणी डावीकडची असतात, म्हणून डाव्या स्पॉन्सनला एक पातळ धातूचं पातं लावतात. ते पाण्यात रुततं आणि बोट घसरत बाहेर जायची थांबते. पातं खोल लावलं तर वळण घट्ट मिळतं पण सरळ रेषेत ते ओझं होतं, उथळ लावलं तर उलटं. छोट्या अमेरिकन बोटींत चालक गुडघ्यांवर बसतो, एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात दाबून धरायचा थ्रॉटल, हात सुटला की स्प्रिंगने थ्रॉटल बंद. चालकाचं शरीर हाच बोटीतला सगळ्यात मोठा हलता भार, म्हणून लाट आली की पुढे झुकणं आणि वळणात आत कलंडणं याला इंजिनाइतकंच महत्त्व.

सेटिंग

खरं काम इथे होतं. इंजिन मागच्या फळीवर किती उंच बसवायचं, किती कोनात कलवायचं आणि फळीपासून किती मागे ठेवायचं, हे तीन आकडे प्रत्येक टीमच्या वहीत असतात. इंजिन वर घेतलं की गिअरकेस, म्हणजे खालचा गिअरचा डबा, पाण्याबाहेर येते, ओढ कमी होते आणि वेग वाढतो, पण फार वर घेतलं की पंखा हवा खातो, वळणातून बाहेर पडताना इंजिन नुसतं ओरडतं आणि बोट जागेवर. कोन बाहेर दिला की नाक वर, आत घेतला की नाक खाली.

पंख्याचं गणित वरवर सोपं आहे. पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंख्याने पुढे जायचं अंतर, २५ सेंटिमीटर धरलं आणि पंखा मिनिटाला ७,००० फेरे फिरला तर कागदावर वेग ताशी १०५ किलोमीटर येतो, प्रत्यक्षात बोट ९५ ने गेली तर दहा टक्क्यांच्या आसपास घसरण झाली. पिच वाढवलं तर कागदावरचा वेग वाढतो पण इंजिन तितके फेरे फिरवू शकत नाही, आणि स्टार्टला नि वळणानंतर बोट उचल घेत नाही. म्हणून सर्वाधिक वेगाचा पंखा आणि शर्यत जिंकणारा पंखा बहुतेकदा वेगळे निघतात, छोट्या सर्किटवर तर हमखास.

इंजिनांची बरोबरी

अमेरिकन पॉवर बोट असोसिएशन १९०३ ची. आउटबोर्डच्या शर्यती वाढल्या तसे इंजिनाच्या घनमापावरून ए, बी, सी असे वर्ग पडले, पुढे स्थिरावलेल्या मापांत १५, २० आणि ३० घनइंच, म्हणजे साधारण २४५, ३३० आणि ४९० सीसी. पण माप सारखं म्हणजे ताकद सारखी नाही, आत काय कोरलंय त्यावर सगळं ठरतं. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून, ‘स्टॉक’ वर्गाने जोर धरला: कारखान्यातून आलेलं इंजिन जवळपास तसंच पळवायचं आणि शर्यतीनंतर जिंकलेलं इंजिन खोलून तपासायचं. कार्ल कीकहेफर यांनी १९३९ मध्ये सुरू केलेल्या मर्क्युरी कंपनीची इंजिनं इथे दीर्घकाळ पुढे होती. ज्यांना इंजिनात हात घालायचाच आहे त्यांच्यासाठी मॉडिफाइड वर्ग, आणि मिथेनॉलवर पळणाऱ्यांसाठी प्रो वर्ग.

स्टॉक वर्गाची अडचण काळाबरोबर येते. कंपनी मॉडेल बंद करते, सुटे भाग मिळेनासे होतात, नवं इंजिन आणावं लागतं आणि ते जुन्याच्या बरोबर पळवायचं कसं हा वाद सुरू होतो. मर्क्युरीच्या १९५० च्या दशकातल्या मार्क २०एच वर बेतलेलं ‘हॉट रॉड’ इंजिन नंतर बी वर्गात आलं ते याच गरजेतून. दोन वेगळी इंजिनं एका रांगेत आणायची तर साधनं ठरलेली: हवेच्या वाटेत रिस्ट्रिक्टर प्लेट, बोट आणि चालक मिळून किमान वजन, इंजिनाच्या उंचीला मर्यादा. यात वजनाचा नियम सगळ्यात प्रामाणिक वाटतो, काट्यावर चढलं की विषय संपतो, आणि जड चालकालाही खेळात जागा राहते. प्लेट मात्र दोन इंजिनांवर सारखा परिणाम करत नाही, एकाचे वरचे फेरे जातात तर दुसऱ्याची खालची उचल, त्यामुळे लांब सर्किटवर जमलेली बरोबरी छोट्या सर्किटवर मोडते. नऊ वर्षांपासूनच्या मुलांच्या जे वर्गात प्लेट वापरतात ती वेग आवरायला, तिथे ती योग्यच आहे.

जपानचा मार्ग

बरोबरीचा प्रश्न सगळ्यात टोकाला नेला तो जपानने. तिथली क्योतेई, आता बोट रेस म्हणतात, ही कायदेशीर पैजेची शर्यत. कायदा १९५१ चा, पहिली शर्यत ६ एप्रिल १९५२ ला नागासाकी प्रांतातल्या ओमुरा इथे. मान्यता आधी त्सू या ठिकाणाला मिळाल्याचं सांगतात, त्यामुळे दोन्हीकडून दावे होतात, पण शर्यत ओमुरात आधी झाली म्हणून मान ओमुराला देणं रास्त. आज २४ केंद्रं आहेत. सहा बोटी, ६०० मीटरच्या तीन फेऱ्या, डावी वळणं.

लोकांचा पैसा लागलेला, म्हणून इंजिन चालकाचं नसतंच. यामातो कंपनीचं साधारण ४०० सीसीचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन आणि ७५ किलोच्या आसपासची बोट, दोन्ही केंद्राच्या मालकीची, आणि स्पर्धामालिकेच्या आदल्या दिवशी चिठ्ठ्या टाकून वाटतात. तरीही सगळी इंजिनं सारखी निघत नाहीतच. कुठलं इंजिन किती वेळा पहिल्या दोनांत आलं याची टक्केवारी छापली जाते आणि पैज लावणारे ती चालकाच्या नावाइतकीच बारकाईने वाचतात.

मग चालकाच्या हातात काय उरतं? पंखा. शर्यतींच्या मधल्या वेळात तो टेबलाशी बसतो, पंखा ठोकळ्यावर ठेवून पात्याच्या कडेला हलक्या हातोडीचे ठोके देतो, गेज लावून उजेडाकडे धरून फट बघतो, पुन्हा दोन ठोके. १९८८ पासून चालकांना स्वतःचे पंखे आणायची मुभा होती, गट करून पंख्यांवर संशोधन चालायचं, आणि मोटर सारखी असली तरी पंख्यांमुळे दरी पडायला लागली. २०१२ मध्ये ती मुभा गेली, पंखा आता मोटरबरोबरच चिठ्ठीत येतो, म्हणजे आधीच्या चालकाने ठोकून ठेवलेला आकार पुढच्याच्या नशिबी. आवडला नाही तर ठोकून बदलायचा. हा निर्णय चांगला होता, कारण कौशल्य शाबूत राहिलं आणि खर्चाची स्पर्धा गेली.

दुसरं हत्यार इंजिनाचा कल, उणे अर्ध्या अंशापासून तीन अंशांपर्यंत. बहुतेक जण उणे अर्ध्यावर राहतात, नाक खाली आणि वळण हातात. काही मोजके चालक कल वर घेऊन बाहेरची लेन पकडतात आणि सरळ रेषेतल्या वेगावर पहिल्या वळणाआधीच सगळ्यांना गुंडाळायला बघतात, जमलं तर देखणं, नाही तर वळणात बोट पसरते. स्टार्टही घड्याळावर, शून्यानंतर एका सेकंदाच्या आत रेषा ओलांडायची, आधी ओलांडली तर बाद आणि त्या बोटीवरच्या पैजा परत.

वजनाचा किमान आकडा पुरुषांना २०१५ मध्ये ५१ आणि २०२० मध्ये ५२ किलो झाला, महिलांना ४७. हलकं होण्यासाठी चालक उपाशी राहत, ते आवरायला ही मर्यादा. पुरुष आणि महिला एकाच शर्यतीत उतरू शकतात, या खेळात हे मला फार मोलाचं वाटतं. साधारण २०१४ पासून कमी ताकदीच्या मोटरी आल्या. त्यामुळे बाहेरून मुसंडी मारणं अवघड झालं आणि आतली पहिली लेन आणखी वरचढ झाली असं मानणारे बरेच आहेत. पहिल्या लेनचा चालक निम्म्याहून जास्त शर्यती जिंकतो हे बघता त्यात तथ्य दिसतं.

यामातोची इंजिनं जपानबाहेरही गेली, अमेरिकेतल्या स्टॉक वर्गात आणि युरोपातल्या ओएसवाय-४०० वर्गात ती बरीच वर्षं पळाली.

भारत

भारतात या बोटींची परंपरा नाही. मार्च २०१६ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर पी-वन पॉवरबोटच्या शर्यती झाल्या, त्यात सगळ्यांना एकाच मॉडेलच्या बोटी आणि सारखी आउटबोर्ड इंजिनं होती, पण त्या बोटींचा तळ इंग्रजी व्ही आकाराचा, खवळलेल्या समुद्रासाठी केलेला, हायड्रोप्लेनचा नाही. या खेळाचा भारताशी एक आडवळणाचा संबंध मात्र आहे: जपानी पैजांच्या उत्पन्नातला एक हिस्सा निप्पॉन फाउंडेशनला जातो, आणि कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्यांसाठी भारतात काम करणारी ससाकावा-इंडिया लेप्रसी फाउंडेशन ही संस्था २००६ मध्ये त्याच फाउंडेशनच्या पाठबळावर उभी राहिली.