खांब नसलेलं म्युझियम उभं कसं राहतं? पोम्पिदू सेंटरची गोष्ट

पॅरिसच्या पोम्पिदू सेंटरचा फोटो बघितला की आधी दिसतात ते पाइप. निळे हवेचे, हिरवे पाण्याचे, पिवळे विजेचे आणि लाल रंग लिफ्ट न् सरकत्या जिन्यांचा, म्हणजे आपण जे भिंतीत, फॉल्स सीलिंगमध्ये लपवतो ते सगळं इथे बाहेर टांगलंय. पण मला त्याहून भारी वाटते ती आतली मोकळी जागा. १६६ मीटर लांब इमारत, आणि तिच्या रुंदीत ४८ मीटरपर्यंत मध्ये एकही खांब नाही, खांब आहेत ते फक्त दोन्ही कडांना!

राष्ट्राध्यक्ष जॉर्ज पोम्पिदूंना शहराच्या मधोमध आधुनिक कलेचं म्युझियम आणि सगळ्यांसाठी खुली लायब्ररी एकाच छताखाली हवी होती. जागा होती बोबूर भागातली, तिथे तेव्हा गाड्या पार्क व्हायच्या. १९७१ च्या स्पर्धेत ६८१ डिझाइन्स आली आणि जिंकले कोण तर आर्किटेक्ट रेन्झो पियानो, रिचर्ड रॉजर्स आणि जियानफ्रँको फ्रँकिनी, तेव्हा फारसं कुणाला माहीत नसलेले. त्यांनी जवळपास अर्धा प्लॉट लोकांना बसायला-फिरायला मोकळाच सोडला. १९७७ मध्ये इमारत उघडली तेव्हा पोम्पिदू हयात नव्हते.

आता मुद्द्याचं. मजला पेलणाऱ्या एवढ्या लांब आडव्या तुळया, म्हणजे गर्डर, थेट कडेच्या खांबाला जोडल्या असत्या तर खांबाला बाक येऊ नये म्हणून तो चांगलाच जाडजूड करावा लागला असता. इंजिनिअर पीटर राइस आणि त्यांच्या टीमने मध्ये एक ओतीव पोलादाचा तुकडा घातला, त्याला म्हणतात गेर्बरेट. लांबी आठ मीटरच्या आसपास, वजन साधारण दहा टन. शाळेत तरफ शिकलोय ना, तीच ही! खांब म्हणजे टेकू. आतल्या आखूड टोकावर मजल्याचा गर्डर टेकतो आणि ते खाली दाबतो, त्यामुळे बाहेरचं लांब टोक वर उचलायला बघतं, आणि त्याला एक पोलादी सळई जमिनीकडे ओढून धरते. बाहेरचा हात आतल्याच्या जवळपास चौपट लांब, म्हणून सळईला गर्डरच्या भाराच्या साधारण पाव भागाएवढंच ओढावं लागतं. खांबावर भार पडतो तो सरळ खाली, आणि बाहेर आलेल्या त्या लांब हातांमध्ये पाइप आणि जिन्यांना आयती जागा मिळते. खांब पोकळ आहेत आणि आगीत पोलाद तापून मऊ पडू नये म्हणून त्यांच्यात पाणी भरलंय, ही आयडिया मला तर फारच आवडते.

सगळं सुरळीत झालं असंही नाही. जर्मनीत ओतलेले पहिले गेर्बरेट टेस्टिंगमध्ये अपेक्षेपेक्षा खूप कमी भारावर तुटले, मग पुन्हा भट्टीत तापवून पोलादाचा ठिसूळपणा घालवावा लागला.

या मोकळ्या मजल्यांवर २०२५ पर्यंत युरोपातल्या आधुनिक कलेच्या सगळ्यात मोठ्या संग्रहातली कामं बघायला मिळायची, संग्रहात एक लाखाहून जास्त कलाकृती, मातीस, पिकासो, कँडिन्स्की सगळे. शिल्पकार ब्रांकुशीने तर आपला अख्खा स्टुडिओच फ्रान्स सरकारला देऊन टाकला, तो समोरच्या चौकात पुन्हा उभारला होता. पण चित्रं टांगायला भिंत लागतेच, त्यामुळे १९८५ मध्ये आर्किटेक्ट गाए औलेंती यांनी आत खोल्या बांधल्या. काही जण म्हणतात मूळ कल्पनाच मोडली, मला तसं वाटत नाही, खांब आडवे येत नव्हते म्हणूनच तर भिंती हव्या तिथे घालता आल्या ना. २०२३ मध्ये इथेच आपल्या जेजे स्कूलमध्ये शिकलेल्या आणि १९५० मध्ये पॅरिसला गेलेल्या चित्रकार सय्यद हैदर रझांचं मोठं प्रदर्शन लागलं होतं. सध्या इमारत मोठ्या दुरुस्तीसाठी बंद आहे, २०३० मध्ये उघडायचं ठरलंय.

राइसना ओतीव पोलादच हवं होतं, कारण त्यात बनवणाऱ्याच्या हाताची खूण राहते आणि अवाढव्य इमारतसुद्धा माणसाला परकी वाटत नाही असं त्यांचं म्हणणं. इमारत सुरू झाल्यावर ते एकदा तिथे गेले तर चौथ्या मजल्यावर काळ्या कपड्यांतली एक म्हातारी बाई गेर्बरेटपाशी निवांत बसून त्याच्यावरून हात फिरवत होती.